डबा परत आणावा

पेण आणि रोहा यांच्यात रेल्वेने सुमारे तासाभराचे अंतर आहे. मध्ये कासू आणि नागोठणे. सासर एका टोकाला, माहेर दुसऱ्या टोकाला आणि डबे सगळीकडे, अशी एक वयस्क बाई या पट्ट्यातल्या प्रत्येक गोतावळ्यात असतेच. तिला माई म्हणतात. नात्याप्रमाणे काकू, मामी, आत्या, आजी असेही म्हणतात. माईंची ओळख करून देण्याची गरज नाही. त्यांचा एक तरी डबा वाचकाच्या घरी असणारच.

माई कोणालाही रिकाम्या हाताने जाऊ देत नाहीत. पोह्याचे पापड, मिरगुंडे, मोड आणून सोललेले कडवे वाल, यांपैकी काहीतरी स्टीलच्या डब्यात भरले जाते. झाकण तळहाताने दाबून बसवताना माई म्हणतात, “डबा परत आण हो.” सासरी निघालेल्या मुलीला, विमानतळावर निघालेल्या नातवाला, तपासायला आलेल्या डॉक्टरांना आणि एकदा घर चुकून आलेल्या विमा प्रतिनिधीलाही हेच वाक्य ऐकावे लागलेले असते. नातू म्हणतो, मी आता दोन वर्षांनी येईन. माई म्हणतात, तेव्हा आण.

डबा परत न येण्यामागे शास्त्रशुद्ध कारण आहे. आपल्याकडे डबा रिकामा परत करायचा नसतो. त्यात काहीतरी घालून द्यावे लागते, निदान साखर तरी. माईंच्या बिरड्याच्या डब्यात नुसती साखर घालायला लाज वाटते, तोलामोलाचे काही घरात तयार होत नाही, आणि डबा फडताळावरच राहतो. पुढे त्यात बटणे येतात. माईंना मात्र कोणता डबा कोणाकडे आणि कोणत्या सालापासून आहे, हे तोंडपाठ असते. या हिशेबीपणाला त्या माहेरचा गुण मानतात. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख रोह्यात वाढले, हे त्या दर आठवड्याला कोणाला ना कोणाला सांगतात. 1943 मध्ये ते गव्हर्नर झाले, आणि 1956 मध्ये मुंबईच्या प्रश्नावरून त्यांनी केंद्रातले अर्थमंत्रिपद सोडले. माईंच्या दृष्टीने या चरित्राचे तात्पर्य एकच: “त्यांनी मंत्रिपद परत केलं, तुम्हाला डबा परत करवत नाही!”

अशा माईंचा सत्कार करायचे ठरते तेव्हा पहिला प्रश्न वयाचा असतो. शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख 1 जून असते, कारण शाळा जूनमध्ये सुरू होत आणि मुलीला दाखल करायला आलेल्या वडिलांना गुरुजींशी वाद घालायचा नसे. आधार कार्डावर 1 जानेवारी असते, कारण तिथे नुसते साल सांगितले गेले. माई स्वतः म्हणतात, नारळी पौर्णिमेच्या मागेपुढे. साल काढायला ‘रामदास’ बोट उपयोगी पडते. ही बोट मुंबईहून रेवसला येताना 17 जुलै 1947 रोजी बुडाली, सहाशेहून अधिक माणसे गेली, आणि तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातल्या कितीतरी घरांचे कॅलेंडर त्या दिवसापासून मोजले जाऊ लागले. ‘रामदास’ बुडाली तेव्हा माई चालत होत्या, पण दाढा यायच्या होत्या, अशी साक्ष माईंच्या आईने देऊन ठेवलेली असते. बँकेतून निवृत्त झालेला एक पुतण्या दाढांवरून गणित मांडतो. हजार पौर्णिमांना सुमारे 80 वर्षे 10 महिने लागतात. म्हणजे सहस्रचंद्रदर्शन जवळ आले, किंवा नुकतेच होऊन गेले.

या पुतण्याबद्दल दोन शब्द सांगायलाच हवेत. गोतावळ्यातल्या प्रत्येक कार्यात माइक त्याच्याकडे असतो. तो कोणी दिलेला नसतो. बारशापासून दशक्रियेपर्यंत त्याचा सूर एकच, आणि ‘याप्रसंगी’ या शब्दावाचून त्याचे वाक्य उभे राहत नाही. त्याच्याकडे माईंचे तीन डबे आहेत.

तारीख ठरवताना जन्मतिथी कामाला येत नाही. श्रावणात पेण मोकळे नसते. घराघरातून, कारखान्यांतून, हमरापूर-जोह्यापर्यंत गणपतीच्या मूर्ती रंगत असतात आणि अर्ध्या भाऊबंदांचे हात कोपरापर्यंत रंगाचे असतात. दसऱ्याच्या सुमाराला रोहा मोकळे नसते, कारण धावीर महाराजांची पालखी निघते, पोलीस देवाला सशस्त्र मानवंदना देतात, आणि ते सोडून रोहेकर पेणला वाढदिवसाला येणे अशक्य. तेव्हा श्रावणात जन्मलेल्या माईंचा वाढदिवस पौषात येतो. वालाच्या शेंगा धरलेल्या असतात, रात्री पोपटीची मडकी लागतात, मुंबईची मंडळी त्या निमित्ताने तरी येतात. याला कोणी वाढदिवस पुढे ढकलणे म्हणत नाही. सभागृह मिळाले, असे म्हणतात.

सकाळी होमहवन होते, पुरणाच्या दिव्यांनी औक्षण होते. गूळतुलेचा बेत निघतो, पण वजन चारचौघांत कळेल म्हणून माई तो मोडून काढतात. मग त्यांना शाल पांघरून उंच पाठीच्या खुर्चीत बसवतात आणि मनोगते सुरू होतात.

एरवी माईंना कमी ऐकू येते. भाषणातली चूक मात्र त्यांना पहिल्या रांगेच्या आधी ऐकू येते. थोरला मुलगा सांगतो, आईने आम्हाला हलाखीत वाढवले. खुर्चीतून आवाज येतो, “हलाखी कसली? दोन म्हशी होत्या.” पुतण्या सांगतो, 1986 साली रेल्वे रोह्यापर्यंत पोचली तेव्हा याप्रसंगी पहिल्या गाडीने काकू माहेरी गेल्या. “पहिल्या नव्हे. पहिलीला गर्दी होती. आणि जाताना तुझ्या आईकडे डबा दिला, तो अजून यायचाय.” सूनबाईंचे मनोगत चार वाक्यांचे असते आणि त्यातल्या तीन वाक्यांत ‘शिस्त’ हा शब्द येतो. जावई नुसतेच हात जोडतात. ते सर्वांत शहाणे. न्यू जर्सीची नात पडद्यावर दिसते आणि गहिवरून म्हणते, “आजी, तुझा डबा अजून माझ्या टेबलावर आहे. मी त्यात पेनं ठेवते.” सभागृह डोळे पुसते. माई शेजारणीला म्हणतात, “म्हणजे तिकडे आहे होय तो!”

सगळ्या मनोगतांना जोडणारा शब्द ‘अन्नपूर्णा’ हा आहे. तो साधारण दर पाच मिनिटांनी येतो. त्याच्या खालोखाल श्यामची आई येते. साने गुरुजींच्या या पुस्तकातली आई म्हातारपण पाहण्याआधीच जाते, हे वक्त्यांच्या लक्षात नसते; माईंच्या असते. “ती बिचारी लवकर गेली,” त्या म्हणतात, “मी अजून इथेच आहे.” एकूण मनोगतकार माईंबद्दल बोलतो म्हणजे स्वतःच्या मे महिन्याच्या सुट्टीबद्दल बोलतो. त्यात विहीर असते, आंबे असतात, तो स्वतः दहा वर्षांचा असतो आणि माई डबा घेऊन कडेला उभ्या असतात. माईंनी कित्येक वर्षे पापड लाटणाऱ्या बायकांच्या मजुरीची वही ठेवली, कोणाचा नवरा मजुरी हिसकावून घेतो ते ओळखून त्या बाईचे पैसे स्वतःकडे साठवले, त्या पैशांवर एकीच्या मुलीचे डी.एड. झाले, हे एकाही भाषणात येत नाही. अन्नपूर्णेने वही ठेवल्याचा दाखला पुराणात नाही, म्हणून असेल.

माईंचा खरा दस्तऐवज त्यांच्या भांड्यांवर आहे. भांड्यावर नाव घालण्याची पद्धत तांब्यापितळेच्या काळापासूनची. आधी छिन्नीने टिंबाटिंबांचे अक्षर ठोकत, पुढे यंत्राने रेघ ओढू लागले. पातेल्यावर लग्नाची तारीख, तांब्यावर मुलाच्या मुंजीची, ताटावर वास्तुशांतीची. जिच्या जन्माची तारीख दाढांवरून काढावी लागते, तिच्या बाकीच्या आयुष्याची तारीखवार नोंद मांडणीवर उपडी घातलेली असते. डबा परत आण, या आग्रहात नुसता कद्रूपणा असतो असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. बटणे ठेवलेल्या त्या डब्यामुळे कोणाच्या तरी घरी माईंचे एखादे साल अडकून पडलेले असते. हे मान्य करणे जड जाते, विशेषतः ज्याच्या घरी डबा आहे त्याला.

जेवणे उरकतात. रोह्याहून आलेली एक म्हातारी भाषणात भाग घेत नाही. सकाळच्या गाडीने येते, पंगतीच्या गडबडीत सूनबाईंच्या हातात एक लहान पितळी डबा देते आणि परतीची गाडी चुकू नये म्हणून निघते. सूनबाई डबा पाहतात. घासून लख्ख केलेला, आत सोललेले बिरडे, वर टिंबाटिंबांत एक नाव. कुमारी अमुक. घरातल्या कोणाचेच ते नाव नसते. लग्नात नाव बदलण्याची रीत जुनी आहे, आणि पहिल्या नावाने हाक मारणारी माणसे एकेक करून कमी होत जातात. थोरला मुलगा आचाऱ्याचा हिशेब चुकता करायला बाहेर गेलेला असतो. डबा कोणा पाहुण्याचा राहिला असे समजून सूनबाई तो पुतण्याकडे देतात.

पुतण्या माइक हातात घेतो, चष्मा वर करून डब्यावरचे नाव मोठ्याने वाचतो आणि सांगतो की याप्रसंगी या नावाच्या कोणी बाई सभागृहात असतील तर त्यांनी पुढे येऊन आपला डबा घेऊन जावा. कोणी उठत नाही. तो पुन्हा पुकारतो. लोक इकडेतिकडे पाहतात.

तेव्हा उंच पाठीच्या खुर्चीतून, शाल बाजूला ठेवून, माई उठतात.