इंजिनाची कटकट : लक्षणं, निदान आणि पथ्य

ही मार्गदर्शिका इंग्लंडात स्थायिक झालेल्या, कर्ज फिटलेल्या, कंबर अजून वाकणाऱ्या आणि दारात पहिल्या पिढीची माझ्दा एमएक्स-५ उभी असलेल्या मराठी गृहस्थांसाठी आहे. ही गाडी १९८९ साली शिकागोच्या मोटार प्रदर्शनात जगासमोर आली. अमेरिकेत तिला मियाटा म्हणतात, जपानात ती युनोस रोडस्टर होती. आसनं दोनच, त्यामुळे ‘आम्हालाही फिरवून आणा’ हा प्रश्न उद्भवत नाही. गाडी निर्दोष आहे. फक्त परवापासून एक आवाज येतोय.

पायरी पहिली : आवाज आपलाच आहे ना, हे ठरवा

या गाडीच्या एक्झॉस्टचा आवाज अभियंत्यांनी मुद्दाम, घासूनपुसून सुरात बसवला होता. म्हणजे काही आवाज आपण पैसे मोजून घेतलेले आहेत आणि काही वयोमानाने फुकट मिळालेले. दोघांची गल्लत करू नये. बॉनेट उघडण्याआधी डिकी उघडा. जॅक, पाना आणि गेल्या दिवाळीपासून फिरणारा चकलीचा रिकामा डबा बाहेर काढा. दहापैकी किती आवाज इथेच संपतात हे कुणीही मोजलेलं नाही, कारण सापडल्यावर मालक ते कबूल करत नाहीत.

नंतर गाडी सपाट जागी उभी करा, इंजिन बंद करून पाच मिनिटं थांबा आणि डिपस्टिक काढून तेल बघा. तेल कमी असेल तर पुढचं वाचन थांबवून तेल घाला. यात विद्वत्ता दाखवायला वाव नसल्याने ही पायरी बहुतेक जण शेवटी करतात.

पायरी दुसरी : आवाजाला नाव द्या

इथे मराठी माणसाचं पारडं जड आहे. आपल्या भाषेत प्रत्येक आवाजाला वेगळा शब्द आहे आणि तो शब्द बहुधा स्वयंपाकघरातून आलेला आहे.

*टिकटिक.* वरच्या बाजूने येणारी, शिलाई मशीनसारखी. या इंजिनात १६ व्हॉल्व्ह आहेत आणि प्रत्येकावर तेलाच्या दाबाने फट भरून काढणारा एक छोटा हायड्रॉलिक लिफ्टर बसलेला आहे. रात्रभरात त्यातलं तेल ओसरलं किंवा तेल मळून चिकट झालं, की फट तशीच राहते आणि कॅम तिच्यावर टकटक करत जातो. सकाळी थोडा वेळ ऐकू येऊन थांबली तर ती टिकटिक म्हणजे म्हातारपणीचा खोकला समजावा. दिवसभर राहिली तर आधी योग्य दर्जाचं ताजं तेल आणि नवा फिल्टर.

*ठकठक.* खालून, खोलवरून, खलबत्त्यात सुंठ कुटल्यासारखी. वेग वाढवला की वाढते, चढावर जोर लावला की आणखी स्पष्ट होते. हे कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग असू शकतं. इथे विनोद थांबतो. इंजिन बंद करा, गाडी ओढून न्या. गॅरेजवाला एकेका सिलिंडरचं इंधन तोडून पाहील. ज्याचं तोडल्यावर ठोका मवाळ होईल, तिथे दुखणं.

दोन्हींमध्ये शंका असेल तर लय मोजा. कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या गतीने फिरतो. इंजिन उभ्या जागी मिनिटाला ८५० फेरे घेत असेल तर एका लिफ्टरची टिकटिक सेकंदाला सातच्या आसपास पडते, बेअरिंगची ठकठक चौदाच्या. तबला शिकलेल्यांसाठी : वरचा आवाज ठायीत, खालचा दुगुनीत. सेकंदाला चौदा मोजता येत नसतील तर गाडीचं नव्हे, तालाचं शिक्षण अपुरं आहे.

*फुसफुस.* कुकरचं रबर नीट बसलं नाही की येते तशी. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं गॅस्केट गेलं की गार इंजिनात ती टिकटिकीसारखीच वाटते. मग धातू तापून फुगतो, फट मिटते आणि आवाज नाहीसा होतो. गॅरेजात पोचेपर्यंत इंजिन तापलेलं असतं. तुम्ही खोटं बोलताय असं तिथे कुणी म्हणत नाही, फक्त मान हलवतात.

*चीची.* पट्टा. चालू इंजिनापासून हात लांब ठेवून पट्ट्यावर थोडं पाणी फवारा. आवाज क्षणभर थांबला किंवा बदलला तर दोष तिथलाच.

*झणझण.* भांड्यावरचं झाकण वाफेने नाचावं तशी, ठरावीक वेगालाच. एक्झॉस्टवरचा पत्र्याचा उष्णतारोधक सुटलाय. घाबरण्यासारखं काही नाही, हे ऐकून मालक थोडा खट्टू होतो.

*घरघर.* जात्याची. पाण्याच्या पंपाचं किंवा अल्टरनेटरचं बेअरिंग. एखाद्याला ‘घरघर लागली’ म्हणजे काय, हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको.

पायरी तिसरी : प्रत्यक्ष तपासणी

लांब स्क्रूड्रायव्हर घ्या. टोक इंजिनाच्या एका भागावर टेकवा, मूठ कानामागच्या हाडाला लावा. ज्या जागी आवाज सर्वांत मोठा, तिथे त्याचं घर. मफलर, शाल, जानवं जे काही लोंबत असेल ते आधी आवरा. पट्टा धर्म पाहत नाही. रेडिएटरचा पंखा विजेचा आहे, तो न सांगता सुरू होतो.

तेलाच्या दाबाचा काटाही बघा, पण जरा बेताने. सुरुवातीच्या गाड्यांत तो खरा दाब दाखवायचा. नंतरच्या गाड्यांत काटा असला तरी त्यामागे नुसता स्विच आहे. दाब जरा बरा असो की उत्तम, काटा मध्येच उभा राहतो. सरकारी कचेरीत काम केलेल्यांना हे वर्तन ओळखीचं वाटेल.

अनेक मालक छप्पर उघडून ताशी साठ मैलांनी जातात, म्हणजे वाऱ्यात काहीच ऐकू येत नाही. हा उपचार मान्यताप्राप्त नाही. गुण मात्र लगेच येतो.

पायरी चौथी : दुसरं मत

सगळं करूनही नाव सापडत नसेल तर पत्नीला बाहेर बोलवा. ‘तुझ्या कानाला काय वाटतं?’ एवढंच विचारा. कॅमशाफ्टची व्याख्या सांगू नका. ती हातातलं काम ठेवून, पदराला हात पुसत येईल, दोन सेकंद ऐकेल आणि म्हणेल, ‘कुकरचं रबर गेलंय.’ गॅस्केट मागवा.

मग ती विचारेल, ‘अहो, एवढा बारीक आवाज ऐकू येतो तुम्हाला?’ अभिमानाने हो म्हणू नका. पुण्याहून आणलेल्या मिक्सरला दोन वर्षांपासून घरघर लागली आहे. तो तुमच्या खुर्चीपासून आठ फुटांवर, रोज सकाळी, चटणी वाटताना ओरडतो. तिने तीनदा सांगितलं, तुम्ही तीनदा ‘कुठला आवाज?’ म्हणालात.

पायरी पाचवी

बॉनेट लावा. स्क्रूड्रायव्हर घेऊन आत जा.