छपरावरचे नाना

मांडव्यापासून मुरुडपर्यंत कुठल्याही आळीत, पाखाडीत जा, एखादे नाना असायचेच. घरी ते कुणाचे काका असोत नाहीतर मामा, गावाला नानाच. शिक्षण जुनी मॅट्रिक, उत्पन्न वाडीतल्या माड-पोफळीचं, आणि हुकमत थेट हवेतल्या लहरींवर.

२ ऑक्टोबर १९७२ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं. पुढे वरळीच्या तीनशे मीटर उंच मनोऱ्याने नानांच्या आयुष्याला दिशा दिली, ती म्हणजे उत्तर. अलिबागेहून समुद्रावरून सरळ रेष मारली तर वरळी चाळीसेक किलोमीटर. सूर्य कुठून उगवतो ते नाना एखाद वेळेस विसरतील, वरळी कुठे आहे ते झोपेतही सांगतील. अँटेनाची सगळ्यांत लांब काडी मागे, आखूड काड्या मनोऱ्याकडे तोंड करून, हा त्यांचा पहिला धडा. मुंबईच्या लहरी लांब, म्हणून काड्याही सात-सात, आठ-आठ फुटांच्या. कुणी हौसेने स्वतःच अँटेना चढवून उलटा बसवला, की नाना रस्त्यातूनच ओरडत, "काय रे, जंजिऱ्यात केंद्र उघडलं का?"

खरा सोहळा गुरुवारी संध्याकाळी, छायागीताच्या आधी. पडद्यावर मुंग्या. नाना लेंग्याची नाडी आवळून कौलांवर. अंगणात वहिनी, ओटीवर थोरला पोरगा, आत टीव्हीपुढे धाकटी. नाना पाईप बोटभर फिरवणार आणि विचारणार, "आला का?" प्रश्न अंगणातून ओटीवर, ओटीवरून माजघरात. धाकटी म्हणते, "आला, आला, राहू दे!" हे 'राहू दे' परतीच्या वाटेने छपरावर पोचेपर्यंत नाना आणखी बोटभर पुढे गेलेले असतात.

"गेला!"

"गेला म्हंजे? आत्ता तर आला व्हता!"

"जरा मागं घ्या, नाना!"

"किती मागं?"

"मगाशी होतं तेवढं!"

हे मगाशीचं माप कुठल्याही पट्टीवर नसतं. गाणी संपत आली की चित्र एकदम आरशासारखं लख्ख होतं आणि त्यावर पाटी झळकते : व्यत्ययाबद्दल क्षमस्व. आता बिघाड वरळीचा, नानांचा नव्हे. उलट पाटी इतकी स्वच्छ वाचता येते म्हणजे अँटेना फक्कड लागलाय, हा त्याचा पुरावाच. पण एवढ्या साध्या कारणासाठी खाली उतरतील ते नाना कसले!

उतरताना मात्र दोन-तीन कौलांचा कडाका वाजे. त्याचा जमाखर्च जूनमध्ये लागायचा. उन्हाळ्यात ज्या घरी चित्र उत्तम, पावसाळ्यात त्या घरी बरोबर टीव्हीच्या डोक्यावर गळती. शाकारणीला आलेला गडी फुटकी कौलं मोजता मोजता म्हणे, "हिथं नाना बसलेलं."

तरी माणूस अडाणी नव्हता, हे कबूल करायला हवं. खाऱ्या वाऱ्याने ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी धरते, चपट्या वायरीचा जोड सुटतो, आणि आपण दोष देतो बिचाऱ्या टीव्हीला. नाना तो जोड पॉलिश पेपरने घासून चकचकीत करत आणि वर सायकलच्या ट्यूबचा तुकडा करकचून गुंडाळत. भरती-ओहोटीने चित्र बदलतं, असं ते म्हणत तेव्हा पोरं हसायची. पण समुद्रावर आपटून येणारी लहर सरळ येणाऱ्या लहरीशी कधी हातमिळवणी करते, कधी भांडते, आणि पाण्याची पातळी हलली की हा हिशोब बदलतो. अलिबागला चुंबकीय वेधशाळा १९०४पासून आहे. मुंबईतल्या विजेच्या ट्रामचा उपद्रव होईल म्हणून ती कुलाब्याहून इकडे आली. नाना तिच्या कंपाउंडवरून जाताना सहकाऱ्याकडे पाहावं तसं पाहायचे.

एप्रिल-मेमध्ये त्यांचा भाव वधारायचा. समुद्रावर गार दमट हवा, वर कोरडी गरम. लहरी त्या थरात सापडल्या की शेकडो किलोमीटर घसरत येतात. मग एखाद्या रात्री नऊशे किलोमीटरवरच्या कराचीची मालिका आगंतुकासारखी रेवदंड्यात हजर! यश अर्थात नानांचं. "सहज जरा वायव्येला घेतला," असं ते सुपारी कातरत सांगत. दुसऱ्या दिवशी बायका पुढचा भाग मागायला येत, तेव्हा मात्र नाना घरी सापडत नसत.

एवढं करून नानांनी टीव्ही पाहिला किती? २५ जानेवारी १९८७पासून दर रविवारी सकाळी सगळं गाव रामायणापुढे हात जोडून बसलं, नाना वर पाईप धरून. वनवास, सीताहरण, लंकादहन, सगळं त्यांना छपरावर ओरडून कळलेलं. रावण मेला तेव्हाही त्यांनी विचारलं, "दिसला का नीट?"

आता घरोघर डिश आहे. फ्री डिशचा उपग्रह आग्नेयेला, म्हणजे तोंड सह्याद्रीकडे आणि पाठ समुद्राला. नानांना हे मुळातच अशुभ वाटतं. गेल्या पावसाळ्यात पुतण्याच्या घरी मुसळधार सरीत चित्र गेलं. सर ओसरली की आपोआप आलं असतं. पण नाना शिडी लावून चढले आणि सवयीने डिश वरळीकडे वळवून उतरले. शेवटी अलिबागेहून मेकॅनिक बोलवावा लागला. तो वर, खाली शिडी धरून नाना. "जरा उत्तरेला घे," असं त्यांनी दोनदा सुचवूनही पाहिलं. पोराने खिशातून मीटर काढला, मीटर पिंपिंपिं वाजला, बोल्ट आवळले, पैसे घेतले आणि तो मोटारसायकलवर बसून गेलासुद्धा.

नाना त्या दिवसापासून भेटेल त्याला सांगतायत, "घरातल्या एका माणसाला विचारलं नाही रे, आणि म्हणे आला!"