भजी खायला कुठे जावं?

बर्फावरून घसरायला गुलमर्ग गाठावं लागतं. पिंपरी-चिंचवडकर लोणावळ्याच्या भुशी धरणाच्या पायऱ्यांवर फुकटात घसरतो. लोणावळ्याची उंची जेमतेम सव्वासहाशे मीटर, पण भूक थेट हिमालयातली. जिथे धबधबा जवळ, तिथे भजी महाग. कांदा चाकणच्या बाजारातला, गाडी चाकणच्या कारखान्यातली. तळेगावमार्गे दोघंही एकाच कोंडीत येऊन अडकतात. तासाभरात कांद्याचा भाव चढतो, गाडीचा रुबाब उतरतो. मग मॅगी, भाजलेलं कणीस आणि चिक्की. (चिक्कीचं मूळ दुकान कुठलं, हे फक्त प्रत्येक दुकानदारालाच ठाऊक.) हेच पिंपरी-चिंचवडकर कुटुंब खरोखर गुलमर्गला गेलं, की तिथल्या गोंडोला रोपवेत पाय टाकण्याआधी सहलवाल्याला विचारतं, "रात्री वरण-भात आहे ना हो?"