ओके म्हणजे मिळालं

होकाराचा जगप्रसिद्ध शब्द जन्मला तोच मुळी शुद्धलेखनाची टिंगल म्हणून. १८३९च्या सुमाराला बॉस्टनच्या वर्तमानपत्रांत शब्द मुद्दाम चुकीचे लिहून त्यांची आद्याक्षरं छापायची टूम निघाली होती. 'ऑल करेक्ट'मधला ऑल 'ओ'नं लिहायचा, करेक्ट 'के'नं. दोन शब्द, दोन्ही चूक, आणि अर्थ काय, तर सगळं बरोबर! त्या वर्षी २३ मार्चला 'बॉस्टन मॉर्निंग पोस्ट'मध्ये 'ओके' छापून आलं. पुढच्या वर्षी अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत मार्टिन व्हॅन ब्युरेन यांच्या लोकांनी ते उचललं, कारण साहेबांचं गाव किंडरहूक, म्हणून साहेब 'ओल्ड किंडरहूक'. साहेब पडले. शब्द निवडून आला.

आपल्याकडे खरं तर त्याची गरज नव्हती. 'बघू', 'चालेल', 'हरकत नाही' एवढा शस्त्रसाठा घरचाच होता. 'चालेल' म्हणजे आवडलेलं नाही, पण आत्ता वाद घालायला वेळ नाही. मुलगी बघून गेलेल्यांनी 'कळवतो' म्हटलं, की मुलीच्या वडिलांना कळायचं ते तिथल्या तिथे कळायचं. तरीही आपण ओकेला घरात घेतलं, कारण या सगळ्यांत थोडंफार तरी अडकायला होतं. ओकेत तेवढंही नाही. "उद्या सकाळी नऊला या हं," असं आपण प्लंबरला बजावतो. "ओके साहेब," तो म्हणतो. या ओकेत नळाची दखल असते, उद्याची नसते.

२०२२च्या जूनमध्ये सांगोल्याचे आमदार शहाजीबापू पाटील शिवसेनेतल्या बंडाच्या वेळी गुवाहाटीहून फोनवर झाडी, डोंगर आणि हाटेलाचं कौतुक करून वर 'ओक्के'मध्ये असल्याचं बोलले. तिथे कोणी कोणाला कशाची संमती दिली हा विषय आपण सोडून देऊ. शब्दाला मात्र त्या दिवशी महाराष्ट्राचं डोमिसाइल मिळालं.

पोच कुठे संपते आणि कबुली कुठे सुरू होते, याचा निवाडा व्हायला कॅनडात कोर्ट भरावं लागलं. सस्कॅचवान प्रांतातल्या एका धान्य खरेदीदारानं २०२१ साली शेतकऱ्याला जवसाच्या कराराचा फोटो मोबाइलवर पाठवला आणि मान्य असल्याचं कळवायला सांगितलं. शेतकऱ्यानं अंगठ्याचं चित्र पाठवलं. माल काही पाठवला नाही. तोवर भाव चढले होते. कोर्टात त्याचं म्हणणं, अंगठा म्हणजे नुसतं 'मिळालं'. खरेदीदारानं जुने मेसेज काढले. आधीच्या करारांना हा गडी 'ओके'सारखं एखादं उत्तर टाकायचा आणि माल बिनबोभाट पोचता करायचा! २०२३ साली न्यायाधीशांनी अंगठ्याला सही ठरवून ८२ हजार कॅनेडियन डॉलरहून जास्त भरपाई द्यायला लावली. सावकाराच्या वहीत अंगठा उठवलेल्या आपल्या पणजोबांना हे कोणी समजावून सांगायची गरज पडली नव्हती.

आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना या निकालानं भलताच हुरूप आला. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगच्या वर्गणीला ग्रुपवर घरटी ओके आलं होतं, पैसे मात्र त्यांच्या स्वतःच्याच घरून. त्यांनी अख्खा निकाल मराठीत उतरवून टाकला आणि खाली लिहिलं, "अंगठा म्हणजे करार. सर्वांनी नोंद घ्यावी."

संध्याकाळपर्यंत सगळ्यांचे अंगठे आले. दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी तर सोबत गुलाबाचं फूलही पाठवलं.