नळीच्या वाटेचे नागरिकशास्त्र

दिवाळीचा फराळ संपत आला की महाराष्ट्रात दोन चर्चा जोर धरतात. एक उसाच्या दराची आणि दुसरी हरिश्चंद्रगडावर कोणत्या वाटेने जायचे याची. पहिली महिनोन्‌महिने रेंगाळते. दुसरी गुरुवारी रात्री मोबाइलवर सुरू होते आणि शुक्रवारी दुपारपर्यंत निकाली निघते. सार्वजनिक जीवनात इतकी तडफ दुर्मीळ झाली असताना तिचे कौतुक कुणीतरी करायलाच हवे.

जुन्या पिढीतले डोंगरभटके वाट निवडताना फार घोळ घालत. सोबत कोण आहे, त्यातल्या सर्वांत कच्च्या गड्याचा दम किती, पाणी कुठवर मिळेल, अंधाराआधी कातळटप्पे पार होतील का, अशा शंकाकुशंकांत त्यांचा आठवडा जाई. आताच्या मंडळींनी या साऱ्या प्रश्नांची जागा एकाच प्रश्नाला दिली आहे. सोमवारी ऑफिसात सांगताना कोणत्या वाटेचे नाव भारदस्त वाटेल? एवढे ठरले की बाकी काही ठरवावे लागत नाही. नळीची वाट.

पाचनईची वाट या कसोटीला उतरत नाही, हे मान्य केले पाहिजे. अकोले तालुक्यातले हे गाव मुळातच घाटमाथ्यावर, म्हणजे निम्मा गड गाडीनेच चढून होतो. पुढची पायवाट मळलेली. दोन-तीन तासांत शाळकरी पोरे आणि त्यांच्या आज्या हरिश्चंद्रेश्वराच्या देवळाशी पोहोचतात, वाटेत लिंबूसरबतही घेतात. ज्या वाटेवर आजी आपल्याला मागे टाकून जाऊ शकते तिचा फोटो कोण टाकणार? जुन्नरकडून खिरेश्वर आहे. तिथे निदान तोलार खिंड आहे, खिंडीत व्याघ्रशिल्प आहे, पुढे उभा कातळही आहे. पण त्या कातळाला कुणीतरी रेलिंग लावून ठेवले आहे. लोकांचे पाय घसरू नयेत या क्षुल्लक हेतूने एका चांगल्या वाटेची प्रतिष्ठा कशी घालवतात, याचा हा नमुना.

राहिली मुरबाड तालुक्यातल्या बेलपाड्याहून चढणारी नळीची वाट. तिचे गुण निर्विवाद आहेत. घाटमाथ्याची फुकटची उंची इथे मिळत नाही, कोकणच्या तळापासून सगळा डोंगर स्वतःच्या पायांनी चढावा लागतो. घळीत धोंड्यांचा खच, मध्ये कातळटप्पे, वरच्या अंगाला पायाखालून सरकणारा घसारा, आणि डोक्यावर कोकणकड्याचा आत वळलेला प्रचंड कातळ. सरावलेली, दोर वापरता येणारी माणसे पहाटे निघून हा दिवसभराचा चढ आटपतात. पण सराव असलेल्यांनी चढण्यात कौतुक कसले? खरे कौतुक ज्यांनी याआधी सिंहगड केला आहे, आणि तोही भजी खाण्यापुरता, त्यांचे.

हिवाळ्याची निवडही विचारपूर्वक असते. पाऊस नाही, म्हणजे धोका नाही, असे हे सरळ तर्कशास्त्र आहे. पाऊस गेला की नळीतले पाणीही आटत जाते, पण त्याचा लाभ असा की बाटल्या भरत बसण्यात वेळ जात नाही. आणि घरून जास्त पाणी न्यावे तर सॅक जड होते. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. बेलपाड्यात नाश्ता, समूहछायाचित्र आणि ड्रोनची चाचणी उरकून दहाला निघालेल्या तुकडीला त्यामुळे रात्रीच्या प्रस्तरारोहणाचा अनुभव आपोआप मिळतो. त्यासाठी वेगळे शुल्क नाही. उजेडाची सोय मोबाइलमध्ये असते, आणि मोबाइलचे चार्जिंग दुपारपर्यंतच्या चित्रीकरणात सत्कारणी लागलेले असते.

वाटाड्या न घेण्यामागे तर अर्थशास्त्र आहे. पायथ्याचा माणूस लहानपणापासून या घळीत वावरलेला. कोणता धोंडा हलतो, कुठे आग्या मोहोळ लोंबते, कोणती उपघळ वर जाऊन बंद होते, हे त्याला पाठ. एवढ्या माहितीचे तो पैसे मागतो. त्याऐवजी एखाद्या अनोळखी गिर्यारोहकाने नोंदवलेला मार्ग मोबाइलवर फुकट उतरवून घेता येतो. उभ्या कड्यांच्या बेचक्यात मोबाइलवरची आपल्या जागेची खूण थोडी इकडेतिकडे सरकते, हे खरे. शिवाय तो मूळ गृहस्थ स्वतःच दोनदा चुकून परत फिरला असेल, तर ती दोन्ही वळणे त्या रेघेत प्रामाणिकपणे उमटलेली असतात, आणि मागून येणारे ती तितक्याच प्रामाणिकपणे घेतात. गुरु-शिष्य परंपरा लोप पावली म्हणणाऱ्यांनी हे जरूर पाहावे.

आणि यापुढेच या निवडीचे खरे सामाजिक मोल सुरू होते. संध्याकाळी कुणाचा तरी घोटा मुरगळतो, कुणी कातळटप्प्यावर वरही जाईना आणि खालीही येईना, आणि कसाबसा कुठेतरी फोन लागतो. मग गिर्यारोहण संस्थांचे स्वयंसेवक ऑफिसातून, जेवणाच्या ताटावरून उठून दोर आणि स्ट्रेचर घेऊन निघतात. गड ठाणे, पुणे आणि अहिल्यानगर या तिन्ही जिल्ह्यांच्या सीमेवर असल्याने हद्द कुणाची यावरही पोलीस ठाण्यांत सकस चर्चा होऊ शकते. एरवी ज्यांचे एकमेकांकडे काही काम नसते अशा यंत्रणांना एकत्र आणायला शासनाला परिषदा भरवाव्या लागतात. इथे एका न घेतलेल्या बाटलीने ते साधते.

पण स्वयंसेवक शहरातून पोहोचेपर्यंत घळीत पहिला शिरतो तो गावातलाच माणूस, बहुधा सकाळी ज्याचा दर महाग वाटला तोच. आता तो दर सांगत नाही. दुसऱ्या दिवशी भाताची झोडणी असो की मजुरीचा खाडा, तो रात्रभर पाण्याचा कॅन पाठीवर घेऊन धोंडे चढतो, धडधाकट तरुणांना हाताला धरून खाली आणतो आणि त्याच्या घरी त्यांना चहाही मिळतो. दिवसा पैसे देऊन घ्यायची सेवा रात्री मोफत, घरपोच आणि जास्त माणसांनिशी मिळत असेल, तर ती दिवसा विकत घेणारा गिऱ्हाईक म्हणून कच्चाच म्हणायचा.

तुकडी घरी पोहोचली की आठवड्याभरात चित्रफीत तयार होते. मृत्यूच्या दाढेतून परतल्याचे शीर्षक, ढोलताशांचे संगीत, आणि शेवटी निसर्गाचे आभार. निसर्गाचे आभार मानणे सोयीचे, कारण त्याचे नाव विचारून ठेवावे लागत नाही. सोबत वनखात्याला खडसावणे असते: इतक्या धोकादायक वाटेवर साधा फलक नाही, रेलिंग नाही! खिरेश्वरची वाट रेलिंगमुळेच नाकारली होती, ही आठवण अशा प्रसंगी काढणे असभ्यपणाचे ठरेल.

तत्त्वसाराचे कर्ते चांगदेव या गडावर तप करीत राहिले, असे म्हणतात. ते पाचनईहून चढले की नळीतून, याचा मात्र त्यांनी कुठे गवगवा केलेला ऐकिवात नाही. आजच्या हिशेबाने त्यांची ती चढाई धरता येणार नाही.

मंडळींचे पाऊल अर्थात पुढेच पडते आहे. जानेवारीसाठी अलंग, मदन आणि कुलंग या त्रिकुटाचा प्रस्ताव आला असून तो टाळ्यांच्या चिन्हांनी मंजूरही झाला आहे. दोर कुणाकडे आहे आणि तो बांधायचा कसा, हे विषय वेळेअभावी पुढच्या बैठकीवर ढकलले आहेत. टी-शर्टचा रंग भगवा ठरला आहे.