नेलेले गाल परत करण्याबाबत

प्रति,
श्रीयुत स्टॅव्हुडिन,
सेवानिवृत्त गोळी, मुक्काम अज्ञात.

स.न.वि.वि.

आधी उपकार मोजतो, म्हणजे कृतघ्न म्हणायला तुम्हाला जागा उरणार नाही. २००१ मध्ये सिपलाने तुमचा, लॅमिव्हुडिनचा आणि नेव्हिरापिनचा मिळून वर्षाचा खर्च ३५० डॉलरवर आणला, तेव्हा कुठे तुम्हाला गरिबाच्या घराचा पत्ता लागला. एप्रिल २००४ पासून सरकारने एचआयव्हीची औषधं फुकट द्यायला घेतली, त्या पहिल्या पंगतीलाही तुम्ही होतातच. खाटेला खिळलेली माणसं उठून रानात कामाला गेली.

पण दक्षिणा केवढी घेतलीत हो! चरबीच्या पेशीतल्या मायटोकाँड्रियात शिरलात, त्यांच्या डीएनएची नक्कल बंद पाडलीत आणि पेशीच मारून टाकल्यात. गालफडं बसली, कानशिलाला खळगे पडले, हातापायांच्या शिरा दोरीसारख्या वर आल्या.

आमचा जिल्हा 'जगात जर्मनी, भारतात परभणी' म्हणणाऱ्यांचा. इथं पाहुण्याला आधी प्रकृतीचा पंचनामा, मग चहा. उरुसात दहा वर्षांनी भेटलेला मावसभाऊ पाळण्याकडं बघायच्या आधी तोंडाकडं बघतो: "काय गड्या, लईच वाळलास की!" मग शुगर आहे म्हणायचं, नाहीतर दाढा काढल्या म्हणायचं. गोळ्या साध्या डबीत ओतून लपवता येतात. तोंड कुठं लपवायचं?

माणसाची एचआयव्हीची गोष्ट त्याच्या संमतीशिवाय फोडू नये, असा कायदा २०१७ मध्ये झाला. तोवर तुम्ही ती आमच्या दोन्ही गालांवर जाहीर करून निघूनही गेला होतात. टायमिंग मानलं तुमचं.

दुसरा योगायोगही बघा. ज्या वर्षी तुम्ही आमच्याकडे फुकट वाटले जाऊ लागलात, त्याच २००४ च्या ऑगस्टात अमेरिकेने तुम्ही खाल्लेले गाल भरायच्या इंजेक्शनला परवानगी दिली. पॉली-एल-लॅक्टिक ॲसिड, विरघळणाऱ्या टाक्यांच्या धाग्यांच्या घराण्यातलं. काही आठवड्यांच्या अंतराने टोचायचं, मग कातडी आतून स्वतःच कोलॅजेन तयार करते. साधारण दोन वर्षांनी पुन्हा टोचायचं. २०१० पासून तिथल्या मेडिकेअरने, गाल गेल्यामुळे नैराश्य आलं असेल तर, खर्चही उचलला. आमच्याकडे नैराश्य मुबलक आहे, खर्च उचलणारा नाही. इथं फिलर म्हणजे नटीचे ओठ आणि नवरीचा मेकअप. एका सिरिंजला हजारो रुपये. गोळी सरकारी, खळगा खाजगी!

२००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तुम्हाला टप्प्याटप्प्याने घरी बसवायला सांगितलं. तुम्ही रेंगाळत रेंगाळत गेलात. आता टेनोफोव्हिर आणि डोल्युटेग्राविरवाल्या नव्या पोरांची तोंडं भरलेली असतात, कुणाला संशयही येत नाही. आम्ही जुनी माणसं. तुम्हाला सोडल्यावर चरबी परत येते म्हणतात. आली, पण एसटीपेक्षा उशिरा आणि अर्ध्या वाटेतच थांबली.

तरी अर्ज मंजूर करावा. मूळ गाल देणं जमत नसेल तर सिरिंजचं बिल भरावं, तेवढ्यावर मिटवू.

कळावे, लोभ नसला तरी चालेल.

आपलं जुनं गिऱ्हाईक,
जिल्हा परभणी

ता.क. पायांची आग अजून इथंच राहिली आहे. ती तुमचीच. येऊन घेऊन जावी.