तालमीचं मागचं दार

आमच्या तालमीला दोन दारं आहेत. पुढचं रस्त्यावर उघडतं, मागचं आमच्या स्वयंपाकघराशेजारच्या सोप्यात. पुढच्या दारानं पैलवान येतात आणि मागच्या दारानं त्यांची भूक. पुढच्या दारावर काय लिहिलंय ते कराडहून येणाऱ्या एस.टी.तले प्रवासीसुद्धा वाचतात. मी मागच्या दाराची माणूस. मला दिसणारी तालीम जरा वेगळी आहे.

बाहेरच्याला कुस्ती म्हणजे ताकद वाटते. पैलवानाच्या घरातल्या बाईला विचारा. ते आधी धुणं असतं, मग दळण, आणि या दोन्हींतून वेळ उरलाच तर ताकद. तेलात मुरलेली लाल माती कापडातून सहजी निघत नाही. अंगणात या टोकापासून त्या टोकापर्यंत वाळत घातलेले लांबच लांब लंगोट बघून नव्यानं बदलून आलेल्या पोस्टमनदादांनी विचारलं होतं, "यात्रा कधी हाय तुमची?"

त्या मातीचे जेवढे लाड झाले तेवढे या घरात कुठल्या पोराचे झाले नाहीत. माती चाळून घ्यायची, तिच्यात तेल, हळद, ताक, लिंबाचा रस, कापूर कालवायचा. माझे सासरे, म्हणजे मामा, हे काम दुसऱ्या कुणाला करू देत नाहीत. त्या दिवशी घरात हळदीचा डबा शोधू नये. मग रोज पहाटे खोऱ्यानं हौदा उकरायचा, कारण पायाखाली माती घट्ट बसत जाते, आणि बसलेल्या मातीवर पाठ आपटली की पैलवान दुसऱ्या दिवशी हाडवैद्याकडे सापडतो. उकरायचं काम नव्या पोरांचं. एकदा उन्हाळ्याच्या सुट्टीत पुण्याहून आजोळी आलेल्या मुलाची आई तणतणत आली. "कुस्ती शिकायला पाठवलाय त्याला, खणायला नाही."

मामा म्हणाले, "ताई, खांदा, पाठ, मांडी, समदं ह्यातच तयार हुतं." बाईंना काही ते पटलं नाही. मग मामा जरा थांबून म्हणाले, "आनि ज्यानं माती उकरली त्यो तिच्यात थुकत न्हाई." बाई गप्प झाल्या. मुलगा सुट्टीभर उकरत राहिला. डाव त्याला एकच आला, धोबीपछाड, तोही अर्धा. पण पुण्याला गेल्यावर त्यानं सोसायटीच्या बागेतले वाफे खणून दिले, असा त्याच बाईंचा फोन आला.

खुराकाचं खातं माझं आणि सासूबाईंचं. त्यांना आम्ही आत्या म्हणतो. बदाम, खसखस, बडीशेप, मिरी, वेलदोडे कुंडीत घालून सोट्यानं घोटायचे. थंडाई पिणाऱ्याचे दंड तयार व्हायच्या आधी घोटणाऱ्याचे होतात. गेल्या वर्षी पुतण्यानं एक भलामोठा डबा आणला. त्यावर एका गोऱ्या माणसाचं पोट होतं. मामांनी भिंग घेऊन डब्यावरची बारीक अक्षरं पुतण्याकडून वाचून आणि समजून घेतली. दूध फाडून चीज करायचं आणि मागं उरलेलं पाणी वाळवून त्याची पूड करायची, असा सारा प्रकार निघाला. पनीर केल्यावर उरलेल्या त्याच पाण्यात आत्या वर्षानुवर्षं कणीक भिजवत आल्यात. त्या दिवसापासून चपाती वाढताना त्या पुतण्याला म्हणतात, "घे, पोटीन." पुतण्याची बाजू अगदीच लंगडी नाही. बदामाचा आजचा भाव बघितला तर थंडाई हाच श्रीमंतांचा डबा ठरेल. पण आत्यांपुढे ही बाजू मांडायला तो स्वतःही धजत नाही.

फी हा आमच्या घरातला कायमचा न सुटलेला डाव. मामांच्या मते वस्तादानं गुरुपौर्णिमेचा नारळ तेवढा घ्यावा. यांच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, मते वीजमंडळ नारळ घेत नाही. म्हणून यांनी महिन्याची फी ठरवली आणि वही माझ्याकडे दिली. झालं असं, की पुढच्या दाराशी हे फी सांगतात आणि मागच्या दाराशी मामा हळूच म्हणतात, "जमंल तसं द्या." मग जोंधळ्याचं पोतं येतं, गुऱ्हाळ लागलं की काकवी येते, म्हैस व्याली की चीक येतो. एका महिन्याची पावती मी 'दोन भोपळे' अशी फाडलेली आहे. कर्जासाठी उत्पन्नाचा तक्ता मागणाऱ्या बँकेतल्या साहेबांना भोपळे कुठल्या रकान्यात लिहायचे हे काही सांगता आलं नाही. पण कर्ज मिळालं, आणि त्या कर्जातून गादी आली.

गादी म्हणजे मॅट. मामांना ती नको होती. पण तालमीच्या भिंतीवर मारुतीरायाखाली शाहू महाराज, मग खाशाबा जाधव, मग कवठेपिरानचे मारुती माने अशी तसबिरींची उतरंड आहे, आणि खाशाबांचं नाव काढलं की मामांचा विरोध ढिला पडतो, हे यांना लहानपणापासून ठाऊक. गोळेश्वरचे खाशाबा १९४८ साली लंडनला गेले ते मातीतल्या सवयी घेऊन. गादी त्यांना परकी होती, तरी सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीत कांस्यपदक घेतलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. एवढं ऐकवल्यावर मामा म्हणाले, "आना मग. पर माती हलायची न्हाई." मग त्यांना नियम कळले. तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, मध्ये तीस सेकंद विश्रांती, आणि गुणांवर निकाल. यात्रेच्या फडात तासतासभर चाललेल्या निकाली कुस्त्या बघितलेला माणूस तो. म्हणाले, "सहा मिन्टांत आमची नुसती खडाखडी व्हायची."

आता मुलींचं सांगते. मी या घरात आले तेव्हा आत्यांनी मला पहिल्या आठवड्यातच बजावलं होतं, बाईमाणसानं हौद्याकडे फिरकायचं नाही. मारुती ब्रह्मचारी. मी थंडाईचा तांब्या मागच्या दाराच्या उंबऱ्यावर ठेवायची आणि मागं फिरायची. माझी मुलगी त्याच उंबऱ्यावर बसून पोरांचे डाव बघत मोठी झाली. मग २०१६ साल उजाडलं. ऑगस्टमध्ये रिओत साक्षी मलिकनं कांस्यपदक घेतलं, डिसेंबरात 'दंगल' लागला, आणि सिनेमा बघून आलेले तीन-चार बाप आपापल्या मुलींना घेऊन पुढच्या दाराशी उभे राहिले. यांनी मामांकडे बघितलं. मामांनी मारुतीकडे बघितलं. दोन दिवस घरात कुणी मोठ्यानं बोललं नाही.

तिसऱ्या दिवशी निवाडा झाला. "नेम मातीचा हाय. गादीला कुठला नेम?" पोलादी तत्त्वाच्या माणसाला पळवाट सापडली की तो जी शांत झोप घेतो, ती त्या रात्री मामांनी घेतली. मुलगे मातीवर, मुली गादीवर, मध्ये चुन्याची रेघ. माझी मुलगी उंबऱ्यावरून उठली आणि गादीवर गेली.

पुढच्या पावसाळ्यात पत्रा गळायला लागला, आणि गळायला लागला तो नेमका गादीवर. गादी गुंडाळून भिंतीला लावली. मुली रेघेपलीकडे ओळीनं उभ्या. बाहेर धो धो पाऊस, आत मुलगे माती उकरतायत आणि मुली बघतायत. मामा बराच वेळ दोन्हीकडे बघत राहिले आणि मग एकदम खेकसले, "उभ्या काय ऱ्हायलाय? खोरी घ्या!"

मुलींनी माती उकरली. उकरल्यावर मग काय राहिलं? जिनं उकरली तिची माती, हा कायदा मामांचाच. त्याच सकाळी माझ्या लेकीनं पुतण्याला पट काढून खाली घेतलं. त्यानं पाय घसरला असं सांगितलं, आणि आम्ही सगळ्यांनी ते ऐकून घेतलं. संध्याकाळी दिवा लावताना आत्या कुणाकडे न बघता म्हणाल्या, "मारुतीला तरी कुणी वाढवला? अंजनीनंच का न्हाई?" घरातली एवढी मोठी घटनादुरुस्ती एवढ्यात उरकली. २०२३ साली सांगलीत महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली, तेव्हा मामा फेटा बांधून बघायला गेले आणि शेजारच्याला सांगत होते, पोरींना मातीत उतरवा हे मी कधीचं बोलतोय. पत्रा अजून पुरता दुरुस्त झालेला नाही. माझं मत विचाराल तर करूही नये.

हरण्याबद्दल आमच्या घरात फार बोलत नाहीत. ते काम मुलांचे वडील करतात. यात्रेच्या फडात हलगी कडाडायला लागली की ज्यांना स्वतःच्या चपलेचा पट्टा लावायला वाकता येत नाही ते कडेवरून "एकचाक लाव, एकचाक!" म्हणून ओरडतात. पोरगं चितपट झालं की सगळ्यात आधी त्यांचाच आवाज बसतो. मामा पोराला एवढंच विचारतात, "जेवलास का?" न जेवलेला असला तर मागच्या दारानं आमच्याकडे पाठवतात. जिंकून आलेल्यालाही तेच ताट मिळतं, मटणाच्या फोडी मोजून तेवढ्याच. आत्यांचा हात याबाबतीत पंचापेक्षा निःपक्षपाती आहे. पहाटे मात्र ज्या डावावर हरला तोच डाव मामा हाताची बोटं दुखेपर्यंत करून घेतात.

लोक विचारतात, तालमीत हात-पाय मोडायची भीती नाही का वाटत? वाटते. पण तालीम सांभाळणाऱ्याला त्याहून जास्त भीती वाटते ती गजकर्णाची. मोडलेला हात एकाचा असतो, गजकर्ण सगळ्यांचं. एकाच्या अंगावर नाण्याएवढा चट्टा उठला की आठवड्यात निम्मी तालीम खाजवायला लागते, गादी जंतुनाशकानं पुसायची, लंगोट उकळायचे, त्या पोराला बरा होईपर्यंत घरी बसवायचं आणि त्याच्या बापाला समजवायचं. आणि याची वाट करून देतात ती वाढलेली नखं. एक ओरखडा पुरतो. म्हणून पुढच्या दाराला आम्ही सुतळीनं नेलकटर बांधून ठेवलं होतं. ते चोरीला गेलं. मग साखळीनं बांधलं. साखळीसकट गेलं.

तेव्हा आमच्या तालमीच्या उन्हाळी वर्गाला पोरांना पाठवा, पोरींनाही पाठवा. वजन कमी असलं तरी चालेल, फी सवडीनं दिली तरी चालेल, आणि भोपळ्यांचा हंगाम असेल तर भोपळेही चालतील, माझ्या वहीत त्यांना आता रकाना आहे. नखं मात्र घरून कापूनच पाठवा.